कासवांची मोजदाद : आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरील पहाटेची पाहणी

आंजर्ले (ता. दापोली) - ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्या-मुंबईचे पर्यटक आंजर्ल्यात येतात. मात्र, काही मिनिटांचा हा सोहळा ज्या कामावर उभा असतो, ते हिवाळ्यातच सुरू झालेले असते. किनाऱ्याची रोजची पाहणी, घरट्यांचा शोध आणि त्यांची काटेकोर नोंद, हे ते काम. महोत्सवात केवळ प्रेक्षक न राहता हातभार लावू इच्छिणाऱ्यांनी ते समजून घ्यायला हवे.

योगायोगाने सुरुवात
चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे कार्यकर्ते २००२ मध्ये समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी वेळास (ता. मंडणगड) येथे गेले होते. तेथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली आणि संवर्धनाचे काम उभे राहिले. ग्रामस्थ व वन विभागाच्या सहभागातून ते पुढे आंजर्ल्यासह कोकणातील अनेक गावांत पोचले.

वाळूवरचा माग
मादी बहुधा रात्री किनाऱ्यावर येते, सुमारे दीड फूट खोल खड्डा खणून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून परतते. उरतो तो तिच्या वल्ह्यासारख्या पायांचा माग. भरती, वारा किंवा माणसांची वर्दळ तो पुसून टाकते. म्हणून कासवमित्र पहाटेच फेरी मारतात. माग दिसला म्हणजे घरटे असतेच असे नाही. चाहूल लागल्यास मादी अंडी न घालताही माघारी जाते. तिच्या अशा फेरीचीही नोंद मोलाची असते.

कोल्हे, कुत्रे, अंडीचोर आणि भरतीचे पाणी यांपासून धोका असल्यास अंडी कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात हलवतात. ती काही तासांतच आणि न उलटता न्यावी लागतात. अन्यथा आतील गर्भ दगावण्याची भीती असते. नव्या खड्ड्याची खोली मूळ घरट्याइतकीच ठेवतात. अंड्यांची संख्या आणि तारीख लिहिली जाते. त्या तारखेवरूनच साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले कधी बाहेर येतील, याचा अंदाज बांधतात. वाळू जितकी उबदार, तितक्या माद्या अधिक. त्यामुळे वाळूच्या तापमानावरही लक्ष ठेवावे लागते.

नोंदींचे मोल
जानेवारी २०२२ मध्ये आंजर्ल्यात 'सावनी' या मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसवण्यात आले. कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या या प्रकल्पात कोकणातील एकूण पाच माद्यांचा समावेश होता. ओडिशात २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पट्टीवरील क्रमांक कोणी वाचून कळवला नसता, तर पूर्व व पश्चिम किनाऱ्यांमधील हा दुवा अज्ञातच राहिला असता.

स्वयंसेवकांसाठी
- वन विभाग व स्थानिक कासवमित्रांच्या परवानगीनेच फेरीत सहभागी व्हावे.
- किनाऱ्यावर विजेरी, फ्लॅश वा मोबाइलचा प्रकाश टाकू नये. पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात.
- मादी, अंडी वा पिल्लांना हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ही जात पहिल्या अनुसूचीत आहे.
- मागावरून चालू नये. आधी नोंद होऊ द्यावी.
- ठरलेल्या दिवशी पिल्ले बाहेर येतीलच, असा आग्रह धरू नये.

एखाद्या पहाटे काहीच न सापडण्याचीही तयारी ठेवावी. वहीतील त्या दिवसाचे शून्यही तितकेच खरे असते. अशा शून्यांसह वर्षानुवर्षे भरलेल्या पानांवरूनच कासवे वाढताहेत की घटताहेत, हे कळू शकते.