वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं की प्रोसेसर कमी तापतो का?

संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सिम्युलेशनसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला घेतला तर प्रोसेसर कमी तापेल ना?" त्यामागचा तर्क सरळ आहे. पडद्यावर चित्र काढायचं काम दुसऱ्याकडे गेलं, म्हणजे प्रोसेसरवरचा भार कमी, म्हणून तापमानही कमी. ऐकायला पटतं. पण प्रत्यक्षात कधी तसं होतं, तर कधी नेमकं उलट. हे का होतं ते कळलं, तर खरेदी सोपी होतेच, शिवाय आपल्या थिसिसमधले वेळेचे आकडे कितपत भरवशाचे आहेत हेही तपासता येतं.

एकाच घरातले दोघे

पूर्वी साधं ग्राफिक्स मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचं. २०१० मध्ये इंटेलच्या क्लार्कडेल प्रोसेसरमध्ये ते प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आलं, पण सिलिकॉनचा तुकडा वेगळा होता. २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये कोअर आणि ग्राफिक्स एकाच तुकड्यावर आले. त्याच वर्षी एएमडीचा लानोही तसाच आला. यालाच आपण इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतो.

एका तुकड्यावर आल्यामुळे दोन गोष्टी सामाईक झाल्या. एक, उष्णता बाहेर काढणारा हीटसिंक. दोन, विजेची मर्यादा, म्हणजे पूर्ण पॅकेजने मिळून किती वॅट वापरायचे ती हद्द. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात येते. दुसरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

थोडं गणित करू

तापमान "भारा"ने वाढत नाही, वॅटने वाढतं. ढोबळ सूत्र असं:

प्रोसेसरचं तापमान = भोवतालच्या हवेचं तापमान + (वॅट × औष्णिक रोध)

औष्णिक रोध म्हणजे एका वॅटमागे तापमान किती अंश वाढतं तो आकडा. उदाहरणापुरता तो ०.५ धरू, आणि हवा ३०° सेल्सिअस. (चिपवर सगळीकडे तापमान सारखं नसतं, पण मुद्दा समजायला एवढं पुरे.)

पहिली स्थिती: फक्त कोअर काम करतायत, ६० वॅट. तापमान ३० + ३० = ६०°.

दुसरी: इंटिग्रेटेड ग्राफिक्सने आणखी १५ वॅट घेतले आणि मर्यादा आड आली नाही. एकूण ७५ वॅट, तापमान ६७.५°. इथवर आपला सुरुवातीचा तर्क बरोबर आहे.

तिसरी: पॅकेजची मर्यादा ६५ वॅट आहे. ग्राफिक्सने १५ घेतले, कोअरच्या वाट्याला उरले ५०. तापमान ६२.५°. म्हणजे वाढ फक्त अडीच अंशांची. पण कोअरचे १० वॅट गेले, त्यामुळे क्लॉक उतरला आणि तुमचं सिम्युलेशन रेंगाळलं.

चौथी: स्वतंत्र कार्ड लावलं. आरटीएक्स ३०६० सारखं डेस्कटॉप कार्ड पूर्ण भारावर १७० वॅटच्या आसपास घेतं. ही सगळी उष्णता आधी कॅबिनेटच्या आतल्या हवेत जाते. समजा ती हवा ८ अंशांनी तापली. कोअर पुन्हा पूर्ण ६० वॅटवर, तापमान ३८ + ३० = ६८°.

आता बघा, चारही स्थितींत सर्वांत गरम प्रोसेसर स्वतंत्र कार्डवाला आहे. तरीही तो तिसऱ्या स्थितीतल्या प्रोसेसरपेक्षा जास्त काम करतोय. नुसतं तापमान पाहून "कुठली मांडणी चांगली" हे ठरवलं असतं, तर आपण चुकीची निवडली असती.

लॅपटॉपचं प्रकरण वेगळं

डेस्कटॉपमध्ये कार्डाला स्वतःचा हीटसिंक आणि पंखे असतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्यावरून त्याच हीट पाइप जातात. तिथे कार्ड तापलं की प्रोसेसर निवांत बसलेला असला तरी त्याचं तापमान चढतं. काही लॅपटॉप तर दोघांमध्ये वॅटची वाटणीही चालू कामाप्रमाणे बदलत राहतात. एनव्हिडियाचं डायनॅमिक बूस्ट आणि एएमडीचं स्मार्टशिफ्ट यासाठीच आहे.

आणखी एक गोष्ट. कार्ड वेगवान असेल तर त्याला डेटा पुरवायचं काम प्रोसेसरलाच करावं लागतं. आधी ग्राफिक्स मंद असल्यामुळे जो प्रोसेसर वाट पाहत बसायचा, तो आता सतत राबतो. कधी कधी तर कूडा प्रोग्रॅममध्ये कार्डाचं उत्तर यायची वाट पाहण्यातच एक कोअर १००% वर दिसतो.

आणि तुमचं काम रात्रभर टर्मिनलवर चालणारं, चित्राशी संबंध नसलेलं असेल तर? इंटिग्रेटेड ग्राफिक्स रिकामं असताना जवळपास काहीच वीज घेत नाही. इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही, पण दोघांचाही जाहीर बेस आकडा ६५ वॅटच आहे. अशा कामात दोघांच्या तापमानात फरक पडायचं कारणच नाही.

संशोधनात हे कुठे नडतं?

समजा, तुम्ही दोन अल्गोरिदमची तुलना करताय. पहिला दुपारी चालवला, शेजारी ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू होता. दुसरा रात्री चालवला, पडदा बंद, खोली गार. दुसरा थोडा वेगवान निघाला. हा फरक अल्गोरिदमचा, की ग्राफिक्सने खाल्लेल्या वॅटचा, की खोलीच्या तापमानाचा? परीक्षकाने विचारलं तर उत्तर हवं. मे महिन्यात नागपूरला एसीविना घेतलेलं मोजमाप आणि जानेवारीत पुण्याला घेतलेलं मोजमाप शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही.

म्हणून मोजताना एवढं पाळा:

१. तापमानासोबत पॅकेजचे वॅट आणि क्लॉकही नोंदवा. सँडी ब्रिजपासून इंटेल प्रोसेसरमध्ये ऊर्जेचे मोजक आहेत, त्यांना रॅपल म्हणतात. घरगुती वापराच्या बऱ्याच मॉडेलवर पॅकेज, कोअर आणि ग्राफिक्स यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. लिनक्सवर टर्बोस्टॅट हे सगळं दाखवतं.

२. खोलीचं तापमान लिहा आणि तुलना "खोलीपेक्षा किती अंश जास्त" अशी करा.

३. पहिल्या काही मिनिटांचे आकडे वापरू नका. तापमान आणि क्लॉक स्थिर होऊ द्या, मगच नोंद सुरू करा.

४. एका वेळी एकच गोष्ट बदला. कार्ड असलेला आणि नसलेला असे दोन वेगळे लॅपटॉप घेऊन तुलना करू नका. कार्डवाल्याचा पंखा आणि हीटसिंक बहुधा मोठा असतो, मग श्रेय कुणाला द्यायचं? त्यापेक्षा एकच डेस्कटॉप घ्या आणि मॉनिटरची केबल एकदा मदरबोर्डला, एकदा कार्डाला लावून बघा.

५. क्रम अ-ब-ब-अ असा ठेवा, म्हणजे हळूहळू तापत जाण्याचा फटका एकालाच बसणार नाही.

राहिला खरेदीचा प्रश्न. तुमचा कोड ग्राफिक्स कार्डावर चालणार असेल, तर कार्ड घ्या. पण प्रोसेसर थंड राहावा एवढ्याचसाठी घेऊ नका. त्या पैशांत चांगला कूलर आणि हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट येतं, आणि वरच्या सूत्रात औष्णिक रोध आणि भोवतालची हवा या दोन्ही जागी थेट फरक पडतो.