सौरपंप कोणाच्या रानात?

बार्शी तालुक्यातील शेती मुख्यतः कोरडवाहू. ज्वारी आणि तूर ही तिची पिके. अशा ठिकाणी सौरपंपाला शासनाने अनुदान द्यावे, हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो अनुदानाच्या रचनेचा.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आणली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. बाकीचा भार शासनाचा. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप. मात्र पाण्याचा शाश्वत स्रोत आधी असला पाहिजे.

म्हणजे मदतीचे माप जमीन आणि विहीर ठरवतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारली गेली, त्यांचा हिस्सा निम्मा केला तरी मूळ अट तशीच उरते. ज्याला रानच नाही, त्याने ५ टक्के कशाचे भरायचे?

उपाय शासनाकडेच आहेत, पण विखुरलेले. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीनांना जमीन दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेतून मिळते, विहिरीला अनुदान आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून, पंप तिसऱ्या दारी. जमीन, पाणी आणि पंप यांची मंजुरी एकाच अर्जावर झाली, तरच ही सवलत भूमिहीनापर्यंत पोचेल.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचे धोरणही होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण ती दारिद्र्यातून सुटकेचे साधन आहे, ही त्यांची भूमिका होती. त्या कसोटीने पाहिले तर पंप किती बसले हे मोजताना, ते कोणाच्या रानात बसले हेही मोजावे लागेल.