म्हाताऱ्या मांजराची झोप

निद्राशास्त्रावर मांजराचे मोठे ऋण आहे. फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल झुव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतूनच ‘विरोधाभासी निद्रा’ ओळखली: मेंदू जागा, स्नायू मात्र पूर्ण सैल. घरातल्या म्हाताऱ्या मांजराच्या झोपेकडे मात्र आपण ‘वय झालं’ म्हणून दुर्लक्ष करतो.

धडधाकट मांजरही दिवसाचे १२ ते १६ तास झोपते. म्हणून नुसते तास मोजू नयेत, सवयीतला बदल पाहावा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ वर्षांवरील ९० टक्के मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज आढळली. ओट्यावर उडी मारणे सोडून एका जागी पडून राहणारे मांजर आळशी नव्हे, दुखणाईत असू शकते. उलट, रात्री ओरडत घरभर फिरणाऱ्या मांजराला थायरॉइडचा अतिस्राव, वाढलेला रक्तदाब किंवा स्मृतिभ्रंश असू शकतो. ते पाणी फार पिऊ लागले, तर मूत्रपिंडेही तपासावीत.

यांतले बरेच आजार रक्ततपासणीत किंवा रक्तदाब मोजल्यावर कळतात आणि औषधाने आटोक्यात राहतात. कळवळ्यापोटी घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीही देऊ नये. ती पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. एक गोळीही जिवावर बेतते.