सही बरोबर होती

आमच्या वेळी बँकेत लागलेल्या नव्या माणसाला पहिला धडा मिळे तो सही जुळवण्याचा. डाव्या हाताला नमुना सहीचं कार्ड, उजव्या हाताला चेक. अक्षरांचा कल पाहायचा, शेवटचा फाटा पाहायचा, जुळलं की पैसे द्यायचे. सही करणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे, हे पाहायला कुणी शिकवत नसे. मीही शिकलो नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ते पुढे सांगतो.

निवृत्तीनंतर मी दुसऱ्या महायुद्धाविषयी पुष्कळ वाचलं. कादंबरीकाराला रणांगणाचा मोह पडावा, पण मला गुंतवलं ते त्या युद्धाआधीच्या कागदपत्रांनी. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडच्या सरहद्दीवर युद्ध सुरू झालं, असं आपण शाळेत शिकलो. माझ्यातल्या बँकवाल्याला ते त्याआधी पाच-सहा वर्षं खतावण्यांतून दिसू लागतं.

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला. पुढच्या काही महिन्यांत विरोधी पक्ष, कामगार संघटना, स्वतंत्र वर्तमानपत्रं सगळं संपलं. हुकूमशाही म्हटली की आपल्याला तुरुंग आणि छळछावण्या आठवतात, ते योग्यच आहे. पण संसद नावापुरती उरली की सरकारला हिशेब विचारणाराही उरत नाही. रायशबँकेचा प्रमुख याल्मार शाख्त याने याच काळात ‘मेफो’ नावाची एक कंपनी उभी केली. भांडवल १० लाख मार्क, भागीदार कृप, सीमेन्स यांच्यासारखे चार बडे कारखानदार, आणि प्रत्यक्षात धंदा काहीच नाही! शस्त्रं बनवणारे या कंपनीवर हुंड्या काढत, कंपनी त्या स्वीकारी आणि रायशबँक वटवून देई. तीन महिन्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली जाई. १९३८ पर्यंत अशा १२ अब्ज मार्कांच्या हुंड्या झाल्या होत्या. कुणा व्यापाऱ्याने आमच्याकडे हा उद्योग केला असता तर आम्ही त्याला ‘काइट फ्लाइंग’ म्हटलं असतं आणि खातं बंद केलं असतं. जानेवारी १९३९ मध्ये शाख्त आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खर्च आवरा, असं हिटलरला लेखी कळवलं. त्याच महिन्यात शाख्तला घरी पाठवण्यात आलं.

एवढं देणं डोक्यावर असलेला माणूस शेजाऱ्याच्या तिजोरीकडे पाहणारच. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा व्हिएन्नाच्या मध्यवर्ती बँकेचं सोनं बर्लिनला गेलं. पाठोपाठ चेकोस्लोव्हाकियाची पाळी आली.

इथे ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन येतात. त्यांची टिंगल करणं फार सोपं आहे, मी करणार नाही. पहिल्या महायुद्धात एक पिढी गारद झालेली त्यांनी पाहिली होती. एकोणसत्तराव्या वर्षी ते एका महिन्यात तीनदा विमानाने जर्मनीला गेले. चूक अशी, की समोरचा माणूसही आपल्यासारखाच सहीला जागणारा आहे असं ते धरून चालले. १९३८ च्या सप्टेंबरअखेर म्युनिकला हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिए या चौघांनी चेकोस्लोव्हाकियाचा डोंगराळ, तटबंदीचा मुलूख जर्मनीला देऊन टाकला. ज्यांचा देश कापला जात होता, त्यांचे दोन प्रतिनिधी हॉटेलात निरोपाची वाट पाहत बसले होते. फ्रान्सचा तर त्या देशाशी संरक्षणाचा तह होता. चेंबरलेन मायदेशी परतले आणि शांततेची हमी देणारा कागद त्यांनी विमानतळावर सर्वांसमोर फडकवला. त्यावरची हिटलरची सही खरी होती.

पुरते सहा महिनेही गेले नाहीत. १४ मार्च १९३९ च्या रात्री चेकोस्लोव्हाकियाचे वयस्कर अध्यक्ष एमिल हाखा यांना बर्लिनमध्ये बसवून ठेवलं गेलं. प्रागवर बॉम्ब टाकू, अशी धमकी गोरिंगने दिली. हाखांना घेरी आली. डॉक्टरने इंजेक्शन देऊन त्यांना शुद्धीवर आणलं आणि पहाटे चारच्या सुमारास त्यांनी आपला देश लिहून दिला. हीही सही खरीच.

यानंतर जे घडलं, ते वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चेक राष्ट्रीय बँकेने आपलं सोनं आधीच देशाबाहेर हलवलं होतं. त्यातलं सुमारे २३ टन सोनं, म्हणजे ५६ लाख पौंडांचं, स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथील आंतरराष्ट्रीय देयक बँकेच्या नावे लंडनला बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात होतं. जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरून आठवडाही झाला नव्हता, तोच चेक बँकेच्या संचालकांच्या सहीने आदेश आला, की हे सोनं रायशबँकेच्या खात्यात वर्ग करा. आदेश कुणाच्या दडपणाखाली निघाला असेल, हे लंडनमधल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही कळलं असतं. पण सही बरोबर होती. गव्हर्नर माँटेग्यू नॉर्मन यांच्या मते मध्यवर्ती बँकांच्या व्यवहारात राजकारण आणायचं नसतं. सोनं तळघरातून हललंही नाही, फक्त खातं बदललं. एका विटेचा मालक चेक होता, तो जर्मन झाला. मे महिन्यात बातमी फुटली, तेव्हा चर्चिल यांनी पार्लमेंटात सरकारला धारेवर धरलं: इकडे तरुणांना सक्तीने सैन्यात बोलावता आणि तिकडे नाझींच्या हाती साठ लाख पौंडांचं सोनं जातं!

आता माझी गोष्ट. तालुक्याच्या गावी एका शाखेत मी पासिंग ऑफिसर होतो. सत्तरीच्या एक विधवा बाई पुतण्याबरोबर मुदत ठेव मोडायला आल्या. पावतीच्या पाठीमागे तिकिटावर त्यांनी सही केली. हात थरथरत होता. पुतण्या अगदी खांद्याशी उभा होता. बाई कागदाकडे न पाहता माझ्याकडे पाहत होत्या, हे मला आजही दिसतं. मी कार्ड काढलं, सही जुळवली, पैसे दिले. दोन महिन्यांनी त्या एकट्याच आल्या. म्हणाल्या, “साहेब, तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत.” चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. येणार कसा?

नॉर्मनसाहेबांना नावं ठेवायला लेखणी उचलतो, तेव्हा ही बाई आडवी येते.

आणखी एका कागदाचा किस्सा आहे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये रशियाशी लष्करी करार करायला ब्रिटन आणि फ्रान्सचं शिष्टमंडळ निघालं, तेही संथ बोटीने. मॉस्कोत वोरोशिलोव्ह यांनी पहिल्याच बैठकीत अधिकारपत्र मागितलं. ब्रिटिश अ‍ॅडमिरल ड्रॅक्स यांच्यापाशी ते नव्हतंच! आमच्याकडे मुखत्यारपत्राशिवाय आलेल्याला शिपाईदेखील परत पाठवतो. २३ ऑगस्टला रिबेनट्रॉप विमानाने आला आणि त्याच रात्री स्टालिनशी करार उरकून मोकळा झाला. नवव्या दिवशी पोलंडवर हल्ला झाला.

३ सप्टेंबरला ब्रिटन युद्धात उतरलं. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. आपल्याला कुणी विचारलं नाही. त्याच्या निषेधार्थ मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला. माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे हा मराठा पलटणीचा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला आणि तिथेच पडला. मागाहून त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्युनिक कुठे, माणगाव कुठे!

चेकोस्लोव्हाकियाचं सोनं युद्ध संपल्यावरही लगेच मिळालं नाही. लुटीतून हाती लागलेल्या सोन्याची वाटणी करायला ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेने आयोग नेमला. मग प्रागमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि नुकसानभरपाईच्या वादात घोडं अडलं. अखेर फेब्रुवारी १९८२ मध्ये १८.४ टन सोनं प्रागला पोहोचलं. त्याच वर्षी मी बँकेत लागलो आणि हेडक्लार्कने माझ्या डाव्या हाताला नमुना सहीचं कार्ड ठेवलं.