बहात्तर तासांची गोळी

रात्री नऊच्या सुमारास, शटर अर्ध्यावर आले असताना, औषधाच्या दुकानात एक गिऱ्हाईक येते. आधी डोकेदुखीची गोळी मागते, मग खोकल्याचे औषध, आणि शेजारचा माणूस निघून गेला की हळूच तिसरी वस्तू. दुकानदार काही न बोलता ती कागदात गुंडाळतो, पैसे गल्ल्यात पडतात, व्यवहार संपतो. आपल्या समाजात औषधांचा व्यापार करणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांना हे दृश्य नवे नाही. या व्यवहारात किंमत सांगितली जाते, माहिती मात्र सांगितली जात नाही.

ती तिसरी वस्तू म्हणजे तातडीची गर्भनिरोधक गोळी. भारतात २००५ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळते. २००७ मध्ये सिप्ला कंपनीने ‘आय-पिल’ आणली आणि दूरदर्शनवरील जाहिरातींमुळे तिचे नाव घरोघरी पोहोचले. नाव पोहोचले, ज्ञान मागे राहिले.

या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते. हे द्रव्य अपरिचित नाही. रोज घ्यावयाच्या ‘माला-डी’ गोळीतही तेच असते, पण केवळ ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा दिवसांची मात्रा एका घोटात. एवढ्या एका हिशेबावरूनही ही गोळी दर आठवड्याला घेण्याची वस्तू नव्हे, हे ध्यानात यावे.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो आपल्या घरांतील भगिनींच्या मनात असतो पण ओठांवर क्वचितच येतो : ही गोळी घेणे म्हणजे जीवहिंसा तर नव्हे? अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, आणि तो हसण्यावारी नेणे योग्य नाही. धर्मनिर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. तो ज्यांचा आहे त्यांनाच विचारावे. मात्र विचारताना शरीरात प्रत्यक्ष काय घडते ते नीट सांगता आले पाहिजे.

स्त्रीच्या बीजांडकोशातून महिन्यातून साधारण एकदा बीज बाहेर पडते आणि ते जेमतेम एक दिवस सक्षम राहते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणूनच संबंधाच्या दिवशी गर्भधारणा होतेच असे नाही; ती दोन-चार दिवसांनीही होऊ शकते. ही गोळी नेमक्या त्या मधल्या अवधीत काम करते. बीज बाहेर पडण्याची क्रिया ती लांबणीवर टाकते आणि तोवर शुक्राणूंचे आयुष्य संपते. मीलनच होत नाही. बीज आधीच बाहेर पडले असेल तर गोळीचा उपयोग होत नाही, आणि गर्भ राहिला असेल तर ती तो पाडू शकत नाही, त्याला अपायही करीत नाही. पूर्वी अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकात, ती गर्भाला रुजू देत नसावी अशी शक्यता नोंदलेली होती. उपलब्ध पुरावा पाहून तेथील औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये तो उल्लेख काढून टाकला. 

घोटाळा होतो तो नावांचा. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या गोळ्या सर्वस्वी वेगळ्या. त्या राहिलेला गर्भ काढतात, त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी व देखरेख कायद्याने आवश्यक आहे, आणि परस्पर घेतल्यास अतिरक्तस्रावाने जीवावर बेतू शकते. ‘ती गोळी द्या’ एवढ्या मोघम शब्दांत दोन्हींची मागणी होते, यासारखे धोकादायक दुसरे काही नाही.

गोळीचा खरा शत्रू वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, पहिल्या २४ तासांत गोळी घेतल्यास अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या. दुसऱ्या दिवशी ८५ टक्के, तिसऱ्या दिवशी ५८ टक्के. पाकिटावरील ‘७२ तास’ वाचून अनेक जणी निश्चिंत होतात आणि तिसऱ्या दिवसाची वाट पाहतात. सासूबाई घरी आहेत, दुकानदार ओळखीचा आहे, रविवारी माहेरी गेले की घेईन, या संकोचात जे तास जातात ते पुन्हा मिळत नाहीत.

शिवाय ही टक्केवारीही समजून घ्यावी. पाळीच्या चक्राच्या मधल्या दोन आठवड्यांत शंभर स्त्रियांचा एकेकदाच असुरक्षित संबंध आला, तर साधारण आठ जणींना दिवस जातात. सर्वांनी गोळी घेतली तर सुमारे एकीला. म्हणजे गोळी घेऊनही खात्री पूर्ण नाही.

मळमळ, डोकेदुखी, थकवा, मध्येच थोडा रक्तस्राव, पाळी काही दिवस मागेपुढे होणे, हे त्रास होतात आणि बहुधा आपोआप शमतात. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यावी लागते. पुढे वंध्यत्व येते ही भीती निराधार आहे. परंतु वारंवार घेतल्यास पाळीचे वेळापत्रक विस्कटते, आणि नित्याच्या साधनांइतके संरक्षण तर मिळतच नाही. आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते : गोळी पुढच्या दिवसांचे रक्षण करीत नाही. उलट बीज लांबणीवर पडलेले असल्याने, नंतरच्या संबंधातून दिवस जाण्याचा संभव अधिक. गुप्तरोगांपासूनही ती वाचवत नाही.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, फिट्सवरील फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल, तर गोळीचा प्रभाव घटतो. वजन बरेच अधिक असल्यासही तो कमी होऊ शकतो. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा अधिक भरवशाचा उपाय आहे. तिचे यश ९९ टक्क्यांहून अधिक, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत बसवतात. मात्र वर गोळीविषयी जे म्हटले ते तांबीविषयी तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. ती मुख्यतः शुक्राणूंना निष्प्रभ करते, तरी संबंधानंतर बसवल्यास रुजण्याच्या क्रियेत अडथळा येण्याची शक्यता उरते. ज्यांना हा भेद महत्त्वाचा वाटतो, त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

गोळीनंतर तीन आठवड्यांत पाळी आली नाही, तर लघवीची तपासणी करून घ्यावी. ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर किंवा असह्य वेदना असतील तर थांबू नये. गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो आणि ते प्राणावर बेतणारे असते.

आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या बंधूंनी गोळी कागदात गुंडाळण्यापूर्वी हलक्या आवाजात तीनच प्रश्न विचारावेत : किती तास झाले? दुसरे कोणते औषध चालू आहे? पाळी चुकलेली आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले, तर गोळी विकू नये. डॉक्टरांचा पत्ता द्यावा.