घरच्या रानातील नाताळवृक्ष

युरोपच्या उत्तरेस नॉर्वे हा देश आहे. त्याच्या एक तृतीयांशाहून अधिक भूमीवर अरण्य पसरलेले असून त्यातील पुष्कळसे रान शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीचे आहे. पुढे शेत व गोठा, मागे चढणीवर वाडवडिलांनी राखलेले रान, असा तेथील कित्येक शेतकऱ्यांचा संसार असतो. नाताळात घरात झाड उभारून ते सजवण्याची चाल मुळात जर्मनीतील; नॉर्वेत ती एकोणिसाव्या शतकात रुजली. ज्यांचे स्वतःचे रान आहे, त्यांना हे झाड विकत आणावे लागत नाही. डिसेंबरात एक दिवस ठरवून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारी मंडळी ते तोडावयास निघतात.

हे झाड बहुधा स्प्रूसचे असते. देवदाराच्या कुळातील हा सूचिपर्णी वृक्ष देवळाच्या शिखरासारखा निमुळता आणि ऐन हिवाळ्यातही हिरवागार असतो. त्या दिवसांत दक्षिण नॉर्वेतही सूर्य जेमतेम सहा तास दर्शन देतो. म्हणून उजाडताच निघावे लागते. बर्फात उमटलेल्या आजोबांच्या पावलांवर पाय टाकीत मुले मागोमाग चालतात. बरोबर करवत आणि दोरी असते.

मुलांची दृष्टी साहजिकच सर्वांत डौलदार झाडावर खिळते. आजोबा मात्र नकारार्थी मान हलवतात. स्प्रूसचे लाकूड इमारतीच्या कामास योग्य होण्यास ६० ते १०० वर्षे लागतात. आज पुरुषभर उंचीचे असलेले ते सरळ, जोमदार झाड या मुलांच्या नातवंडांच्या उपयोगी पडावयाचे असते. ते आज तोडले, तर दोन पिढ्यांनंतरच्या घराचे धन चार दिवसांच्या शोभेसाठी खर्ची पडले, असेच म्हणावे लागेल.

मग तोडावयाचे कोणते? जेथे तीनचार झाडे एकमेकांना खेटून वाढली आहेत, तेथील एक. ते काढले की उरलेल्यांना उजेड आणि पाणी अधिक मिळते. शेतात दाट रोपांची विरळणी करतात, तसाच हा प्रकार होय. दाटीतल्या झाडाची एखादी बाजू उघडीबोडकी असते आणि मुले हिरमुसतात; पण ती बाजू घरी भिंतीकडे केली की झाले!

झाड तोडण्यापूर्वी त्याचे वय मोजण्याची मुलांना मोठी हौस. स्प्रूसचा शेंडा दरवर्षी वर सरकतो आणि खोडाभोवती फांद्यांचा एक नवा वेढा फुटतो. हे वेढे मोजावेत आणि बुडाशी न ओळखू येणाऱ्या पहिल्या काही वर्षांची भर घालावी. पुढे करवत चालली की बुंध्यावरील वलये मोजून हिशेब ताडून पाहता येतो. एखाद्या मुलीला आपल्याच वयाचे झाड सापडते आणि मग करवत धरताना तिचा हात क्षणभर थबकतो.

काही ठिकाणी खालच्या फांद्यांचा एक हिरवा वेढा राखून त्याच्या वर झाड कापतात. त्यांपैकी एखादी फांदी हळूहळू वर वळते आणि काही वर्षांनी त्याच मुळांवर नवे झाड उभे राहते.

आणलेले झाड लगेच घरात घेत नाहीत, कारण उबेने त्याची पाने झडतात. ते थंड जागी ठेवून २३ डिसेंबरच्या रात्री सजवतात. दुसऱ्या दिवशी सारे कुटुंब हातात हात गुंफून त्याच्याभोवती गात फिरते.

जुन्या रीतीप्रमाणे १३ जानेवारीस नाताळ संपतो आणि झाड सरपणात जाते. जुन्या वळणाच्या घरांत शेंडा तेवढा कापून ठेवीत. त्याची साल काढून, वेढ्यातील फांद्या बोटभर राखून तो वाळवला की आपल्या रवीसारखे एक साधन तयार होई. पुढल्या नाताळात दुधात शिजणारी तांदळाची लापशी ढवळावयास तेच हाती येई.