मोबाईलवरची गावकी

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या रायगड जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गावकी बसते, एका घराचे नाव घेते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घराशी बोलणे बंद होते. दुकानात सामान मिळत नाही, लग्नाचे आमंत्रण येत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही. २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत रोहा, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतून अशा तक्रारी एकामागून एक पुढे आल्या. काही मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. पुढे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

कायदा झाला, पण गावकी संपली काय? आम्हांला वाटते, ती आता आपल्या खिशात येऊन बसली आहे. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी बहीण असो की रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत पाळी करणारा भाऊ, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. एखादी मुलगी कोणाबरोबर स्टँडवर दिसली की तिचा फोटो वस्तीच्या ग्रुपवर येतो. कोणावर चोरीचा संशय आला की त्याचे नाव, गाव, चेहरा सगळे तासाभरात घरोघर पोहोचते. गावकीत निदान आरोपीला समोर उभे करीत. इथे त्याला विचारतसुद्धा नाहीत.

याचा शेवट कुठे होतो ते महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरला एका तरुणीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन शब्द लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते फक्त पसंत केले. दोघींना अटक झाली आणि जमावाने एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. ज्या कलम ६६-अ चा त्यात वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरवले. पण फुटलेला दवाखाना आणि घरात शिरलेली भीती कोणता निकाल भरून देणार? त्याहून भयंकर घडले १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. मेले कोण? गरीब आणि भटके. अफवेचा दगड नेहमी दुबळ्याच्याच डोक्यात बसतो.

मग काय, अन्याय दिसला तरी गप्प बसावे? मुळीच नाही. याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. लोक सूड घ्यायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. खटला चालला आणि हल्लेखोरांना शिक्षा झाली. संताप होता, पण तो उघड्या तोंडाने बोलत होता, पुराव्याने बोलत होता आणि रूढीच्या विरुद्ध होता. बहिष्काराचे शस्त्र किती घातक असते हे बाबासाहेब पुरते ओळखून होते. म्हणून १९३० च्या गोलमेज परिषदेच्या वेळी, ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्याचा आधार घेऊन, बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी त्यांनी केली. ज्यांच्या वाडवडिलांनी बहिष्कार सोसला, त्यांच्याच बोटाने दुसऱ्याचे घर वाळीत पडावे काय?

आमचे घराघरांत एवढेच सांगणे आहे. पंचशीलातील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. खात्री न करता पुढे पाठवलेला मजकूर खोटा निघाला, तर ते खोटे आपण दहा घरी नेऊन पोहोचवलेले असते. ज्याच्याविषयी मजकूर आहे त्याला कोणी विचारले आहे काय, हे आधी पाहा. मुलीबाळींचे फोटो तर आपल्या मोबाईलवरच थांबवा. अन्याय खरा असेल तर ग्रुपवर न्यायनिवाडा करू नका. पीडिताला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा, फिर्याद नोंदवा आणि फिर्यादीची प्रत मागून घ्या. दलितांवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा आहे. आणि कोणी तुमचीच बदनामी चालवली असेल, तर तो मजकूर पुसू नका. पुरावा म्हणून जपून ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या घराचे नाव मोबाईलवर फिरत असेल त्या घरी जा. माउलीशी दोन शब्द बोला, पोराच्या पाठीवर हात ठेवा. वाळीत टाकलेल्या घराचे दार बाहेरून कोणी तरी एकाने ठोठावले की बहिष्कार तिथेच तुटायला लागतो.